अंगठ्याखालचं दुखणं : टेनेसी वॉकिंग घोड्यांचं प्रकरण

रिंगणात जाण्याआधी घोड्याला तपासनिसासमोर उभं करतात. तपासनीस वाकतो, घोड्याचा पुढचा पाय उचलून हातात घेतो आणि खुराच्या वरची, मागच्या बाजूची मऊ खोबण अंगठ्याने दाबत जातो. दाब किती द्यायचा हेही ठरलेलं आहे: अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकाच. धडधाकट घोड्याला एवढ्या दाबाने काहीच होत नाही. ज्याची कातडी आतून पोळलेली असते तो मात्र पाय हिसकावून घेतो, पोट आवळतो, मान झटकतो, सगळं वजन मागच्या पायांवर टाकतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात आणि आसपासच्या प्रदेशात घोड्यांच्या प्रदर्शनांवरून पन्नास वर्षांहून जास्त काळ जी लढाई चालू आहे, ती शेवटी या अंगठ्यापाशी येऊन थांबते.

घोड्यांचे हाल म्हटलं की डोळ्यांसमोर चाबूक येतो, फेसाळलेलं तोंड येतं. या प्रकरणात रिंगणात तसं काहीच दिसत नाही. घोडा तुकतुकीत असतो, आयाळीला फिती बांधलेल्या असतात, स्वाराच्या अंगावर उत्तम पोशाख असतो, प्रेक्षक टाळ्या वाजवत असतात. हाल आधीच करून झालेले असतात, तबेल्यात, दार बंद करून. रिंगणात दिसतं ते त्या हालांचं फळ, आणि बक्षीस मिळतं ते त्याच फळाला. प्राण्यांवरच्या क्रूरतेची प्रकरणं मी बरीच वाचली आहेत, पण वेदनेलाच इतके थेट गुण मिळताना दुसरीकडे क्वचितच पाहिलं.

चालीचं कौतुक

टेनेसी वॉकिंग हॉर्स ही जात मुळात आरामाच्या स्वारीसाठी जोपासलेली. दिवसभर मळ्यातून फिरायचं तर दुडक्या चालीच्या घोड्यावर पाठ मोडून जाते. या घोड्याची चाल वेगळी. चारही पाय एकामागोमाग एक पडतात, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे जाऊन पडतो, आणि प्रत्येक पावलाबरोबर मान डुलते. स्वाराला हिसका बसत नाही. आपल्याकडे जिला रवाळ चाल म्हणत, तिच्याच कुळातली ही एक देखणी चाल. ती जन्मजात आहे. शिंगरू आईमागे चालायला लागतं तेव्हाच तिची झलक दिसते.

1935 साली या जातीच्या पैदासकारांची संघटना टेनेसीतल्या लुइसबर्गमध्ये स्थापन झाली. 1939 पासून शेल्बीव्हिल गावात दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी ‘सेलिब्रेशन’ नावाचा मोठा सोहळा भरतो आणि तिथे जातीचा सर्वोच्च विजेता निवडला जातो. पहिला मान स्ट्रोलिंग जिम या घोड्याचा.

पुढे 1950 च्या दशकात प्रेक्षकांना आणि परीक्षकांना साधी चाल पुरेना. पुढचे पाय जितके उंच उडतील तितक्या टाळ्या, तितकी वरच्या बक्षिसाची फीत. या अतिरंजित चालीला ‘बिग लिक’ म्हणतात. घोडा मागच्या पायांवर जवळजवळ बसल्यासारखा दिसतो आणि पुढचे पाय छातीच्या दिशेने फेकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते नृत्य वाटू शकतं. ज्याला घोडा कळतो त्याला लगेच जाणवतं की हे जनावर पुढच्या पायांवर भार द्यायला घाबरतं आहे.

मेहनत घेऊन, जातिवंत पैदास करून, वर्षानुवर्षं शिकवून चाल थोडी उंचावता येते. पण एवढी नाही, आणि इतक्या लवकर तर नाहीच. मग आडवाट निघाली. तिचं नाव ‘सोरिंग’, म्हणजे पाय मुद्दाम दुखरे करणं.

पद्धत सांगायलाही जड जाते. खुराच्या वरच्या कातडीला मोहरीतून काढलेला जहाल अर्क (स्वयंपाकातलं तेल नव्हे), रॉकेल, डिझेल असलं काहीतरी चोळायचं. वरून प्लॅस्टिक गुंडाळून ते आत मुरू द्यायचं, तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस. मग त्याच हुळहुळ्या जागी साखळी अडकवायची. घोडा चालला की साखळी वरखाली होऊन त्या कातडीवर आपटते, आणि वेदना टाळायला घोडा पाय झटकन उचलतो. खुराखाली पॅडचे थर चढवलेले असतात. पाऊल त्याने आणखी जड होतं आणि कोन बदलतो. दुसरा प्रकार नालबंदीतला: खूर आतला जिवंत भाग दुखेपर्यंत तासायचा, किंवा पॅडच्या आत टणक वस्तू दाबून बसवायची, म्हणजे प्रत्येक पाऊल टेकताना कळ उठेल. पॅड वरून दिसतो तेव्हा आत काय आहे ते दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे पॅडच्या बंदीवरूनच खटला झाला.

कायदा झाला, आणि त्याच्यातली फट

मेरीलँडचे सिनेटर जोसेफ टायडिंग्ज यांनी हा विषय लावून धरला आणि डिसेंबर 1970 मध्ये अमेरिकेत ‘हॉर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ हा केंद्रीय कायदा झाला. अंमलबजावणी कृषी खात्याकडे. सोरिंग केलेला घोडा प्रदर्शनात उतरवणं, विकणं, त्यासाठी वाहून नेणं हा गुन्हा ठरला. आता शब्दांकडे नीट पाहा. उतरवणं गुन्हा, विकणं गुन्हा, वाहून नेणं गुन्हा. तबेल्यात उभ्या घोड्याच्या पायाला तो अर्क चोळणं, या मूळ कृत्याला या कायद्याने हातच लावलेला नाही.

1976 च्या दुरुस्तीने काही गोष्टी सुधारल्या. चाल बदलण्याच्या हेतूनेच हे केलं, असं सिद्ध करायची अट गेली. दोन्ही पुढच्या किंवा दोन्ही मागच्या पायांत असाधारण हुळहुळेपणा आढळला तर घोड्यावर सोरिंग झालं आहे असं गृहीत धरायचं ठरलं. याचं कारण सरळ आहे. एका पायाला ठेच लागू शकते. दोन्ही पायांना एकाच जागी, सारखंच लागत नाही. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. ती लिहिणाऱ्याने घोडा जवळून पाहिलेला असणार.

त्याच दुरुस्तीने एक मोठी चूकही केली. कृषी खात्याच्या पशुवैद्यांची संख्या अपुरी, वर्षाचा खर्च 5 लाख डॉलरच्या मर्यादेत बांधलेला. म्हणून तपासणीचं काम ‘डेझिग्नेटेड क्वालिफाइड पर्सन’, थोडक्यात ‘डीक्यूपी’, या नावाच्या खासगी तपासनिसांकडे गेलं. त्यांना परवाना देणार घोडेवाल्यांच्याच संघटना आणि कामावर लावणार प्रदर्शनाचे आयोजक. त्यातले पुष्कळ जण स्वतः याच व्यवसायातले. आज ज्याचा घोडा बाद करायचा त्याच्याच ओळखीवर पुढच्या महिन्याचं काम अवलंबून. कुंपणालाच शेत राखायला बसवलं.

सगळे डीक्यूपी बेइमान होते असं मला म्हणायचं नाही. ज्यांनी नेटाने काम केलं त्यांना शिव्या आणि धमक्या खाव्या लागल्या. पण नोकरी जाण्याची भीती रोज मानेवर असताना किती जण नेटाने काम करतील? व्यवस्था माणसाच्या धैर्यावर सोडून चालत नाही.

साखळीचंही असंच झालं. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात 1970 च्या दशकाच्या शेवटी अभ्यास झाला. जड साखळ्यांनी काही आठवड्यांतच कातडीवर जखमा होतात आणि 6 औंसांपर्यंतच्या, म्हणजे साधारण 170 ग्रॅमच्या साखळ्यांनी तशा होत नाहीत, असं त्यात दिसलं. नियमात 6 औंसांची मर्यादा आली ती तिथून. पण ती साखळी धडधाकट कातडीवर निरुपद्रवी. आधीच पोळलेल्या कातडीवर ती निरुपद्रवी राहत नाही, आणि व्यवहारात तिचा उपयोग तिथेच होत होता.

‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’

तपासणी म्हणजे अंगठ्याचा दाब, हे कळल्यावर तोडही अंगठ्यासाठीच निघाली. तिला त्या व्यवसायात ‘स्टुअर्डिंग’ म्हणतात. तबेल्यातच खोटी तपासणी करायची. एकाने घोड्याचा पाय धरून दुखऱ्या जागी दाबायचं. घोडा दचकला की दुसऱ्याने तोंडावर काठी मारायची, किंवा विजेचा झटका द्यायचा. पुन्हा दाबायचं, पुन्हा दचकला तर पुन्हा मारायचं. काही दिवसांत घोडा शिकतो की पाय दुखला तरी हलायचं नाही, कारण हललं तर याहून जास्त दुखतं. मग प्रदर्शनाच्या दिवशी खरा तपासनीस येतो, दाबतो, आणि घोडा पुतळ्यासारखा उभा राहतो. आपल्या भाषेतली तोंड दाबून बुक्क्यांच्या माराची म्हण इथे अक्षरशः खरी झाली.

2011 मध्ये एका प्राणीहक्क संघटनेच्या माणसाने टेनेसीतल्या एका तबेल्यात नोकरी धरून हे सगळं लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलं. तबेला जॅकी मॅकॉनेल याचा. मॅकॉनेल या क्षेत्रातलं बडं नाव होतं, घोडे शिकवणाऱ्यांच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याला जागा मिळालेली होती. मे 2012 मध्ये ही चित्रफीत राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. मी ती दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. काठीचे फटके भयंकर आहेतच, पण मला विसरता येत नाही ते वेगळं दृश्य. घोड्याच्या पायाला एक माणूस औषध लावावं तितक्या सहजतेने ते द्रव्य लावतो आणि प्लॅस्टिक गुंडाळतो. त्याच्या हालचालीत राग नाही, घाई नाही. रोजचं काम करावं तसा तो करतो आहे.

मॅकॉनेलने केंद्रीय न्यायालयात गुन्हा कबूल केला. सप्टेंबर 2012 मध्ये शिक्षा झाली: 75 हजार डॉलर दंड आणि 3 वर्षं देखरेखीखाली मुक्तता. तुरुंगवास नाही. पुढे प्राण्यांना क्रूरपणे वागवल्याबद्दल राज्याच्या कायद्याखाली वेगळा खटला झाला आणि नजरकैदेची शिक्षा मिळाली. मानकऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं गेलं. पेप्सी कंपनीने सेलिब्रेशनचं प्रायोजकत्व सोडलं.

हा एकटाच वाईट माणूस होता असा बचाव तेव्हा बराच झाला. मला तो पटत नाही. सहा वर्षं आधी, 2006 मध्ये, याच सेलिब्रेशनमध्ये सरकारी पशुवैद्यांनी कडक तपासणी केली तेव्हा अंतिम फेरीचे इतके घोडे बाद झाले की त्या वर्षी सर्वोच्च विजेता जाहीरच झाला नाही. इतके घोडे एका माणसाच्या तबेल्यातले नसतात.

आकडा बोलतो

2010 मध्ये कृषी खात्याच्याच महानिरीक्षकांनी या तपासणी व्यवस्थेचा लेखाजोखा मांडला. त्यातली एक नोंद मला सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगून जाते. 2005 ते 2008 या काळात सरकारी पशुवैद्य एकूण प्रदर्शनांपैकी फक्त 6 टक्के प्रदर्शनांना हजर राहू शकले. आणि डीक्यूपींनी या काळात नोंदवलेल्या उल्लंघनांपैकी 49 टक्के याच 6 टक्के प्रदर्शनांतली होती. डीक्यूपी तेच होते, त्यांचा अंगठाही तोच. फरक इतकाच की शेजारी कोणीतरी बघत होतं.

दुखरा पाय कसा ओळखायचा हे त्यांना कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. कळत होतं, आणि पाहणारा असला की दिसतही होतं. महानिरीक्षकांनी डीक्यूपी व्यवस्था बंद करून स्वतंत्र पशुवैद्यांकडे काम द्या, अशी शिफारस केली. सरकारी पशुवैद्यांना प्रदर्शनात जाताना पोलिसांचं किंवा सशस्त्र संरक्षण घ्यावं लागतं, हेही त्याच अहवालातलं. घोड्याच्या पायाला हात लावायला जाणाऱ्या डॉक्टरबरोबर बंदूकधारी माणूस लागतो, यावरून तिथल्या रोषाची कल्पना यावी.

त्यानंतर 2012 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या मुख्य संघटनेने आणि अश्ववैद्यकांच्या संघटनेने मिळून साखळ्या आणि पॅड दोन्हींवर बंदीची मागणी केली. 2021 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही तपासणी पशुवैद्यांनीच करावी असं सांगितलं. ज्यांचा घोड्याशी रोजचा संबंध आहे अशा तज्ज्ञांमध्ये या बाबतीत फारसं दुमत उरलेलं नाही.

संसदेतही प्रयत्न झाले. तबेल्यातलं सोरिंग हाच गुन्हा ठरवणारं, साखळ्या-पॅड काढणारं आणि शिक्षा वाढवणारं विधेयक 2019 मध्ये प्रतिनिधिगृहात 333 विरुद्ध 96 मतांनी मंजूर झालं. टायडिंग्ज 2018 मध्ये वारले होते; विधेयकाला त्यांचं नाव दिलं गेलं. सिनेटमध्ये ते मतदानाला आलंच नाही. 2022 मध्ये प्रतिनिधिगृहाने ते पुन्हा मंजूर केलं, सिनेटने पुन्हा बाजूला ठेवलं. दरम्यान जानेवारी 2017 मध्ये कृषी खात्याने केलेला कडक नियम छापून येण्याआधीच नव्या सरकारने मागे घेतला होता. 2024 मध्ये खात्याने पुन्हा नियम काढला: या जातीच्या घोड्यांना साखळ्या आणि पॅड बंद, डीक्यूपी बंद. फेब्रुवारी 2025 पासून तो लागू व्हायचा होता. आदल्याच दिवशी, 31 जानेवारीला, टेक्ससमधल्या केंद्रीय न्यायाधीशांनी साखळ्या-पॅडची बंदी रद्द केली. धडधाकट घोड्यावरची साखळी आणि पॅडही सरसकट बंद करायचा अधिकार कायद्याने खात्याला दिलेला नाही, अशी भूमिका. बाकीच्या भागाची अंमलबजावणी खात्याने पुढे ढकलली.

कायद्याच्या भाषेत न्यायाधीशांचा मुद्दा समजू शकतो. पण पॅड काढल्याशिवाय आतली टणक वस्तू दिसत नाही, आणि प्रदर्शनाच्या रात्री प्रत्येक घोड्याचा पॅड कोणी काढत नाही. जे साधन दुखणं लपवण्याच्याच कामी येतं, ते प्रत्येक घोड्यावर वेगवेगळं सिद्ध करायला सांगणं म्हणजे घोड्याला सांगण्यासारखं आहे की तूच साक्ष दे.

मग थांबवायचं कसं

या प्रकरणातून मला जे दिसतं ते स्पष्टच सांगतो. अंगठा हवाच, पण एकट्या अंगठ्याच्या भरवशावर राहू नये. घोड्याला गप्प राहायला शिकवता येतं, त्याच्या कातडीला शिकवता येत नाही. म्हणून पाय पुसलेल्या कापडाची रासायनिक तपासणी, पायाची उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा, खुराचा एक्स-रे, ही साधनं महत्त्वाची. कृषी खात्याने ती वापरलीही आहेत. आणि कातडीवर वारंवार अत्याचार झाल्याच्या जाडसर, सुरकुतलेल्या खुणा राहतात. त्या पाहून घोडा बाद करण्याचा ‘स्कार रूल’ 1979 मध्ये आला.

इथे एक तुलना सुचते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तेव्हा उडी मारणारे काही घोडे तपासणीत कॅप्सायसिनसाठी सापडले. कॅप्सायसिन म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारं द्रव्य. ते पायाला लागलं की कातडी हुळहुळी होते, आणि घोडा अडथळ्याला पाय लागू नये म्हणून जास्त उंच उचलतो. तत्त्व तेच, टेनेसीतलं. पण तिथे नमुना घेणारा माणूस स्वाराच्या ओळखीवर पोट भरत नव्हता, नमुना प्रयोगशाळेत गेला, आणि नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक गेलं. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडेत सगळं आलबेल आहे असं नाही, तिथेही वेळोवेळी हाल उघड होतात. तरी पदक परत जाण्याची भीती काय करते, ते या दोन प्रकरणांची तुलना केली की कळतं.

दंडाचा विचारही करायला हवा. 1976 च्या तरतुदीप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 3 हजार डॉलर आणि एक वर्ष कैद. विजेत्या नर घोड्याचा पैदाशीसाठी मिळणारा मोबदला, त्याच्या वंशाची किंमत, तबेल्याची वाढणारी पत, यांच्यापुढे ही रक्कम म्हणजे धंद्यातला एक किरकोळ खर्च. शिक्षा मालकापर्यंत पोहोचायला हवी असंही मला वाटतं. मालक लांबच्या शहरात राहतो, फीत लागली की फोटोला येतो, आणि पाय कसा उंच झाला हे विचारत नाही. ज्या दिवशी घोड्याची नोंदणी रद्द होईल, त्याच्या पिलांचा भाव पडेल, त्या दिवशी मालक स्वतः तबेल्यात जाऊन पायाला हात लावेल.

पण खरी किल्ली परीक्षकाच्या हातात आहे. सोरिंग कोणी मजेखातर करत नाही. ते होतं कारण वेदनेने उंचावलेल्या पायाला जास्त गुण मिळतात. त्या चालीला शून्य मिळायला लागलं तर मोहरीच्या अर्काची बाटली उघडायचं कारणच उरत नाही. तपासनीस, एक्स-रे, प्रयोगशाळा हे सगळं त्याच्या मागून येतं.

आणि ही कल्पनेतली गोष्ट नाही. ‘फ्रेंड्स ऑफ साउंड हॉर्सेस’ या संघटनेने आपल्या प्रदर्शनांत साखळ्या आणि पॅडचे थर चालू दिले नाहीत. घोडे साध्या नालेने येतात. तसंही या जातीचे बहुसंख्य घोडे बिग लिकच्या रिंगणात कधी गेलेलेच नाहीत. ते रानवाटांवर, डोंगरावर, म्हाताऱ्या स्वारांना पाठीवर घेऊन फिरतात, आणि त्यांची मान प्रत्येक पावलाबरोबर डुलत असते. ज्या चालीसाठी ही जात घडवली ती त्यांना अजून येते. पायाला काहीही चोळावं लागत नाही.